लोकी २.९ वरून ३ वर जाताना: आधी स्कीमा, मग व्हर्जन

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुबरनेटिस क्लस्टरवर (कंटेनर चालवणारा यंत्रांचा समूह) लॉग साठवून त्यात शोध घेऊ देणारं लोकी २.९ चालू आहे. हेल्म चार्ट (बसवण्याचं पॅकेज) ५ च्या मालिकेतला, मांडणी सिंपल स्केलेबल (लिहिणारे आणि वाचणारे पॉड वेगळे), राइट पॉड, म्हणजे लॉग लिहून घेणारे, तीन, साठा एस-थ्री बकेटमध्ये आणि लॉग गोळा करायला प्रत्येक नोडवर (यंत्रावर) प्रॉमटेल. इंडेक्स (लॉग शोधायची सूची) अजून जुन्या बोल्टडीबी-शिपर प्रकारचाच, स्कीमा, म्हणजे साठवणीची ठरलेली रचना, व्ही१२. ऑडिटसाठी तीस दिवसांचे लॉग ठेवणं बंधनकारक आहे. आता लोकी ३ वर जायचंय. चालू लॉग गमवायचे नाहीत आणि जुनेही दिसत राहिले पाहिजेत. चाचणीच्या क्लस्टरवर हेल्म अपग्रेड मारून बघितलं, तर पॉड उठेचनात. मग हे जागच्या जागी करावं, की शेजारी नवं लोकी उभं करून तिकडे वळावं?

तुमच्या परिस्थितीत जागच्या जागी करा. साठा बकेटमध्ये आहे, पॉडच्या डिस्कवर नाही, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. फक्त 'अपग्रेड' या एकाच शब्दाखाली तुम्ही तीन वेगवेगळी कामं एका दिवसात उरकायला निघालाय: इंडेक्सचा प्रकार बदलणं, लोकीचं व्हर्जन बदलणं आणि चार्ट बदलणं. त्यातलं पहिलं काम आजच्या २.९ वरच, बाकी कशालाही हात न लावता, काही दिवस आधी करून घ्या. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा तपशील.

पॉड का उठत नाहीत ते आधी बघू. तुमच्या मांडणीत कारणं बहुधा तीन असतील आणि एक सोडवलं की दुसरं समोर येईल, म्हणून तिन्ही आधीच माहीत असलेली बरी. एक, एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या लोकी ३.० पासून 'अलाऊ स्ट्रक्चर्ड मेटाडेटा' ही सेटिंग आपोआप चालू असते. तिला टीएसडीबी हा नव्या प्रकारचा इंडेक्स आणि व्ही१३ स्कीमा लागतो. चालू कालखंडाचा, म्हणजे कॉन्फिगमधल्या ज्या नोंदीची तारीख आत्ता लागू आहे तिचा, स्कीमा तसा नसेल तर लोकी कॉन्फिग तपासतानाच थांबतं. दोन, शिपरच्या (इंडेक्स बकेटमध्ये पाठवणारा) आणि कॉम्पॅक्टरच्या (इंडेक्स आटोपशीर करणारा, जुने लॉग पुसणारा) भागातली 'शेअर्ड स्टोअर' ही ओळ ३.० मध्ये काढून टाकली आहे. लोकी अनोळखी ओळ खपवून घेत नाही, त्यामुळे ती उरली असेल तर फाइल वाचतानाच अडतं. तीन, रिटेन्शन, म्हणजे ठरलेल्या दिवसांनंतर लॉग पुसणं, चालू असेल तर कॉम्पॅक्टरला 'डिलीट रिक्वेस्ट स्टोअर' सांगावंच लागतं, तुमच्यासाठी त्याची किंमत एस-थ्री.

दुसऱ्या मुद्द्यात एक खाच आहे. शेअर्ड स्टोअर गेल्यावर इंडेक्स कुठे ठेवायचा हे त्या त्या कालखंडाच्या 'ऑब्जेक्ट स्टोअर'वरून ठरतं. तुमच्याकडे दोन्ही एकच असतील तर ओळ पुसली की काम झालं. पण कुणी कधीकाळी इंडेक्ससाठी वेगळा प्रीफिक्स दिला असेल, तर तो आता कालखंडाच्या इंडेक्स भागातल्या 'पाथ प्रीफिक्स'मध्ये हलवावा लागतो. तो राहून गेला तर लोकी व्यवस्थित उठतं, नवे लॉगही घेतं आणि जुने मात्र एकही दाखवत नाही. बकेट उघडून इंडेक्सचं फोल्डर खरंच कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, चार्टच्या सेटिंग असलेल्या व्हॅल्यूज फाइलवर विसंबू नका.

बरेच जण पहिल्या अडचणीवर स्ट्रक्चर्ड मेटाडेटा बंद करून पुढे जातात. तात्पुरतं ते चालतं, त्यात पाप नाही. पण मग स्कीमाचा बदल मागे राहतो, आणि मागे राहिलेलं असं काम पुढे कुणीतरी घाईत करतं. ही घाई कशी महागात पडते ते मी स्वतः भोगलंय.

स्कीमा बदलताना जुनी नोंद बदलायची नसते, तिच्याखाली नवी नोंद जोडायची असते: अमुक तारखेपासून स्टोअर टीएसडीबी, स्कीमा व्ही१३, इंडेक्सचा कालावधी २४ तास. ही तारीख नेहमी उद्याची किंवा परवाची हवी. आजची नाही, कालची तर नाहीच. कारण लोकी शोध घेताना लॉगची वेळ बघतं, त्या वेळेला कोणता कालखंड लागू होता ते पाहतं आणि त्याच प्रकारच्या इंडेक्समध्ये शोधतं. आजची तारीख टाकली तर आज सकाळपासून जुन्या इंडेक्समध्ये लिहिलेलं सगळं ते नव्या इंडेक्समध्ये शोधायला लागतं, आणि तिथे ते नसतंच.

एका ग्राहकाकडे मी नेमकं हेच केलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला बदल लावला, फाइलमध्ये तारीख त्याच दिवसाची. पंधरा मिनिटांत एकाचा फोन आला. पहाटे काही पेमेंट अडकली होती, त्यांचे लॉग तो वाचत बसला होता आणि पान रिफ्रेश केल्यावर ते गायब झाले होते. आदल्या रात्रीचे दिसत होते, अकरानंतरचे दिसत होते, मधले पहाटे साडेपाच ते अकरा हे तास कोरे. बकेटमध्ये चंक, म्हणजे लॉगचे साठवलेले तुकडे, जसेच्या तसे होते, पण त्यांच्यापर्यंत पोचायची वाट मी बदलून टाकली होती. तारीख पुढे ढकलून ते तास परत आणले, तर मधल्या वेळात नव्या इंडेक्समध्ये लिहिलेली काही मिनिटं दिसेनाशी झाली. ती मिनिटं त्या ग्राहकाला मी परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून स्कीमाच्या ओळीतली तारीख मी दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतो.

साडेपाच हा आकडा योगायोगाने आलेला नाही. लोकीचा दिवस यूटीसीने चालतो, म्हणजे आपल्याकडे नवा कालखंड पहाटे साडेपाचला सुरू होतो. मध्यरात्री बारा वाजता जागत बसून काही दिसणार नाही. बदल आदल्या दिवशी दुपारी लावा, सगळे पॉड नव्या कॉन्फिगने रीस्टार्ट झालेत याची खात्री करा, आणि निवांत झोपा. एखादा पॉड जुन्या कॉन्फिगवर राहिला तर तो साडेपाचनंतरही जुन्याच इंडेक्समध्ये लिहीत राहील, म्हणून ही खात्री महत्त्वाची.

२.९ वर नव्या नोंदीबरोबर 'टीएसडीबी शिपर'चा भागही जोडावा लागतो, आणि २.९ वर असेपर्यंत त्यात शेअर्ड स्टोअरची ओळ असू शकते. ती ओळ व्हर्जन बदलायच्या दिवशी काढायची. बोल्टडीबी शिपरचा भाग तसाच राहू द्या, जुने तीस दिवस वाचायला तो हवाच आहे.

दुसऱ्या दिवशी बकेटमध्ये बघा. इंडेक्सच्या फोल्डरमध्ये दर दिवसाचं एक उपफोल्डर असतं आणि त्याच्या नावाच्या शेवटी पाच आकडी संख्या असते. ती संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले दिवस. १ एप्रिल २०२४ चा आकडा १९८१४ येतो, त्यावरून तुमच्या दिवसाचा काढता येईल. आजच्या आकड्याच्या फोल्डरमध्ये टीएसडीबीच्या फाइल दिसायला हव्यात. साडेपाचला लगेच दिसतीलच असं नाही. इंडेक्समध्ये नोंद चंक साठ्यात पोचल्यावर पडते, आणि शांत कंटेनरचा चंक अर्धा तास पडून राहिल्यावरच साठ्याकडे जातो. नऊच्या चहापर्यंत थांबा आणि मग बघा. त्यानंतर ग्राफानात (लॉग बघायच्या पडद्यावर) आदल्या दिवशीच्या संध्याकाळपासून आजच्या सकाळपर्यंतचा एकच शोध लावा, म्हणजे तो सीमेच्या दोन्ही बाजूंना जाईल. मध्ये खळगा दिसला नाही की हे काम संपलं.

एवढा खटाटोप २.९ वरच का, तर रोलबॅकसाठी. व्ही१३ स्कीमा २.९ मध्येच आला, त्यामुळे २.९ ला तो लिहिताही येतो आणि वाचताही. पुढे ३ वर जाऊन काही बिनसलं, तर व्हर्जन मागे घेऊन त्याच साठ्यावर चालू राहता येतं. पण ३ वर जाताना त्याच दिवशी स्कीमाही बदलला असेल, तर मागे येताना नेमकं काय काय मागे घ्यायचं हे रात्री दोन वाजता कुणालाच सुचत नाही. नव्या स्कीमावर २.९ किमान आठवडाभर चालू द्या.

आता प्रत्यक्ष व्हर्जन आणि चार्ट. चार्ट ५ वरून ६ वर जाताना हेल्म डिफ प्लगइन वापरा आणि तो सगळा फरक खरंच वाचा, लांब असला तरी. लोकीला 'व्हेरिफाय कॉन्फिग' असा पर्याय देऊन फक्त कॉन्फिग तपासून घेता येतं. नव्या इमेजवर, तुमच्या खऱ्या कॉन्फिगने, क्लस्टरच्या बाहेर ते एकदा चालवा. तुमच्या चाचणीतले तिन्ही अडथळे दोन मिनिटांत तिथेच सापडले असते.

चार्ट ६ मध्ये मांडणीचा प्रकार 'डिप्लॉयमेंट मोड' म्हणून सांगता येतो, तो सिंपल स्केलेबल असा स्पष्ट लिहा. मेमकॅशचे (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्याचे) पॉड आपोआप येतात, आणि चंक कॅशला मुळात ८ जीबी मेमरी दिलेली असते, त्यामुळे तो पॉड नोडकडे जवळपास १० जीबी मागतो. लहान नोडवर तो 'पेंडिंग'मध्ये अडकून बसतो आणि हेल्म वाट बघत राहतं. आकडा आधीच कमी करून ठेवा. स्टेटफुलसेटच्या (राइट पॉड आणि त्यांच्या डिस्क सांभाळणारी कुबरनेटिसची नोंद) काही भागांत बदल चालत नाही, तशी चूक आली तर स्टेटफुलसेट 'कॅस्केड ऑर्फन' पर्यायाने पुसा. पॉड आणि त्यांच्या डिस्क जागेवर राहतात, आणि नवा स्टेटफुलसेट त्यांना परत ताब्यात घेतो. तो पर्याय न देता पुसलंत तर तिन्ही राइट पॉड एकदम जातील.

चार्टमध्ये 'ऑथ एनेबल्ड' ही सेटिंग मुळात चालू असते. एकच टीम असेल तर तुमच्याकडे ती बंद असणार. ती बंद ठेवल्याची ओळ नव्या व्हॅल्यूज फाइलमध्ये आहे ना, हे दोनदा बघा. बंद असताना लोकी सगळा डेटा 'फेक' नावाच्या टेनंटखाली (एका वापरकर्त्याचा स्वतंत्र कप्पा) ठेवतं. बकेटमध्ये 'फेक' नावाचं फोल्डर दिसतं ते हेच, आणि तुमचे सगळे खरे लॉग त्यात आहेत. नाव बघून ते चाचणीचं वाटतं, म्हणून बकेट साफ करणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा.

ही सेटिंग चुकली तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण लॉग गमावण्याचा खरा धोका इथे आहे. बहुतेकांना भीती वाटते ती लोकी बंद पडण्याची. पण लोकी बंद असेल तर प्रॉमटेल धीर धरतं. ५०० मालिकेतल्या (सर्व्हरच्या) चुकीवर किंवा ४२९ (फार विनंत्या आल्या) वर ते पुन्हा पाठवायचा प्रयत्न करतं: अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार असं दुप्पट करत, मुळात दहा वेळा. हे सगळं मिळून ५११.५ सेकंद होतात, म्हणजे साधारण साडेआठ मिनिटं. त्यानंतर लॉगचा तो गठ्ठा टाकून ते पुढच्याकडे वळतं. याउलट लोकी चालू आहे पण ४०१ किंवा ४०० म्हणून नकार देतंय, तर प्रॉमटेल एकदाही पुन्हा विचारत नाही. गठ्ठा तिथल्या तिथे टाकून देतं, आणि भराभर पुढचे पाठवून तेही टाकत जातं. टेनंट नसल्याची चूक ४०१ असते. त्यामुळे बंद पडलेल्या लोकीपेक्षा चालू असून नकार देणारं लोकी कितीतरी जास्त लॉग खातं.

४०० ची एक ठरलेली वाट ३.० मध्ये आहे. एका स्ट्रीमवर (सारखीच लेबलं असलेल्या लॉगचा प्रवाह) किती लेबल चालतील याची मर्यादा ३० वरून १५ वर आणली आहे. तुमच्या कुठल्याही स्ट्रीमवर पंधराच्या वर लेबल असतील तर तिचे लॉग नाकारले जातील. आधी मोजा. जास्त असतील तर लेबल कमी करणं हाच चांगला उपाय. वेळ नसेल तर मर्यादा तात्पुरती ३० करा. शिवाय लोकी ३ प्रत्येक स्ट्रीमला 'सर्व्हिस नेम' हे लेबल स्वतःहून लावतं. नको असेल तर 'डिस्कव्हर सर्व्हिस नेम'ची यादी रिकामी ठेवा. मी पहिल्या फेरीत रिकामीच ठेवतो, सगळं स्थिरावल्यावर चालू करतो.

प्रॉमटेलचा धीर आधी वाढवून ठेवा. प्रयत्नांची संख्या दहावरून वीस केली की पुढचे दहा प्रयत्न पाच-पाच मिनिटांच्या अंतराने होतात आणि एकूण वेळ जवळपास तासाभरावर जातो. त्याहून ताणण्यात फारसा अर्थ नाही, कारण तोपर्यंत लॉग नोडच्या डिस्कवर पडून असतात आणि कुबलेट (नोडवरचा कुबरनेटिसचा कारभारी) प्रत्येक कंटेनरची फाइल मुळात १० एमबीच्या आसपास फिरवतं, अशा पाचच ठेवतं. बडबड्या कंटेनरला तेवढी जागा भरायला फार वेळ लागत नाही.

रोलआउट चालू असताना राइट पॉड एकेक करून बदलतात. प्रत्येक ओळ तीन पॉडकडे जाते आणि दोघांनी पोच दिली की पुरते, म्हणून एक खाली असताना काही बिघडत नाही. नवा पॉड उठल्यावर आधी आपला वॉल, म्हणजे डिस्कवरची कच्ची नोंदवही, पुन्हा वाचतो आणि मगच 'रेडी' होतो. याला काही मिनिटं लागू शकतात. त्या मिनिटांत हात शिवशिवतात, पण पॉड मारू नका. मारलात की वाचन पहिल्यापासून. आणि त्याच आठवड्यात नोडचं अपग्रेड ठेवू नका. एक पॉड वॉल वाचतोय आणि दुसऱ्याचा नोड ड्रेन (रिकामा) झाला, तर पोच द्यायला एकच उरतो आणि लिहिणं थांबतं.

तपासण्यासाठी डॅशबोर्डवर तीन आकडे समोर ठेवा: डिस्ट्रिब्यूटरकडे (लॉग सगळ्यात आधी घेणारा लोकीचा भाग) आलेल्या ओळींचा वेग, लोकीने नाकारलेल्या ओळी कारणासकट, आणि प्रॉमटेलने टाकून दिलेल्या नोंदी. पहिला आदल्या आठवड्याच्या त्याच वाराशी, त्याच तासाशी ताडून बघा. पुढचे दोन शून्यावरून हलता कामा नयेत. हलले तर थांबा, कारण वाचा, लागलंच तर मागे या. चार्टबरोबर येणारा लोकी कॅनरी चालू ठेवलात तर तो स्वतः ओळी लिहून त्या परत वाचता येतात का ते बघत राहतो. मला हा फार विश्वासाचा वाटतो, कारण तो लिहिण्यापासून शोधण्यापर्यंतची अख्खी वाट चालून येतो.

शेजारी नवं लोकी उभं करण्याचा मार्ग मी एकाच परिस्थितीत सुचवेन: कुणी अजून जुन्या लोकी-स्टॅक चार्टवर, पॉडच्या डिस्कवरच साठा ठेवून बसलं असेल तर. तेव्हा नवं लोकी बकेटवर उभं करायचं, दोन्हीकडे लॉग पाठवायचे आणि रिटेन्शनचे दिवस भरले की जुनं बंद करायचं. मात्र एकाच प्रॉमटेलमध्ये दोन पत्ते देऊ नका. पाठवण्याचं काम एकाच धाग्यावर चालतं, एक लोकी अडलं की दुसऱ्याकडचा प्रवाहही तुंबतो. दुसरा प्रॉमटेल वेगळा डीमनसेट (प्रत्येक नोडवर एक पॉड) म्हणून चालवा, आणि कुठवर वाचलं ते नोंदवणारी पोझिशन्स फाइल त्याला वेगळी द्या.

आता प्रॉमटेल. त्याचा सपोर्ट संपण्याची तारीख २ मार्च २०२६ अशी जाहीर झालेली आहे आणि त्याची जागा ग्राफाना अलॉयने घेतली आहे, तेव्हा तेही बदलावं लागणारच. पण या अपग्रेडबरोबर नको. जुना प्रॉमटेल लोकी ३ शी विनातक्रार बोलतो. दोन-तीन आठवडे शांत गेले की अलॉयकडे वळा. अलॉयला प्रॉमटेलची कॉन्फिग रूपांतरित करून देणारी आज्ञा आहे, तिथून सुरुवात करा. त्याच्या हेल्म चार्टमध्ये नोडचं लॉगचं फोल्डर मुळात जोडलेलं नसतं, ते जोडा. त्याची स्वतःची साठवणजागाही मुळात पॉडच्या टेंप फोल्डरमध्ये असते, म्हणजे पॉड गेला की कुठवर वाचलं होतं ते विसरून तो फाइल पहिल्यापासून वाचतो. ही जागा नोडवरच्या फोल्डरवर न्या, आणि पहिल्या वेळी प्रॉमटेलची पोझिशन्स फाइल त्याला 'लेगसी पोझिशन्स फाइल' म्हणून दाखवा.

लेबलांची नावं तीच ठेवा, अगदी तीच. 'ॲप'चं 'ॲप नेम' झालं तर डॅशबोर्ड रिकामे दिसतील, ते कुणाच्या तरी लक्षात येईल. पण लॉगवर लावलेले अलर्ट गप्प होतील, आणि ते कुणाच्याच लक्षात येणार नाही. कारण लॉग सापडत नाहीत म्हणून गप्प असलेला अलर्ट आणि सगळं ठीक आहे म्हणून गप्प असलेला अलर्ट दिसायला सारखेच. म्हणून अलॉय लावल्याच्या दिवशी मी चाचणीच्या नेमस्पेसमध्ये एक पॉड सोडतो, जो दर दहा सेकंदांनी एररची ओळ लिहितो, आणि ऑन-कॉलवर असलेल्याचा फोन वाजेपर्यंत तिथेच बसतो.